कॉम्प्युटरमध्ये न येणारी आई

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. वाट चढाची आहे, दम लागला तर थांबू. वर पोहोचलो की आमच्या लोमापांबा गावाचं सभागृह. पत्र्याचं छप्पर, आत बाकं, आणि बाकं पुरली नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. बायका पुष्कळ, म्हातारेकोतारे पुष्कळ, पोरं तर विचारू नका. कर्ते पुरुष मात्र थोडेच. बाकीचे उत्तरेला, न्यू जर्सीत, दुसऱ्यांची घरं बांधताहेत. खिडक्यांवर पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायच्या लोकरी घोंगड्या, टांगून भरदुपारी अंधार केला आहे. समोर टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जांभळं कापड, मेणबत्त्या, ऊद जळणारं निखाऱ्यांचं खापर आणि मधोमध एक जुना टीव्ही.

टीव्हीचा पडदा काळा आहे. सगळे त्या काळ्याकडेच बघताहेत. तुम्हीही बघा.

"आत्मा म्हणजे चुंबक," टेबलामागचा माणूस म्हणतो. "कार्ड म्हणजे लोखंड. आणि दोघांमधला पूल म्हणजे हा गरीब सेलेस्तिनो. हे नवव्या दिशेच्या स्वामी, तारेविना वीज दे, वाटेविना वाट दे."

हे बंधू सेलेस्तिनो. पांढरी विजार, पांढरा सदरा, गळ्यात बियांच्या माळा. समुद्राकडच्या मुलखातून आमच्या डोंगरात आले आणि इथलेच झाले. नववी दिशा कोणती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला आठही धड माहीत नसतात, ही त्यात सोय असते.

बंधूंनी नखाएवढं एक मेमरी कार्ड बशीत ठेवलं, बशी कापडाखाली सरकवली आणि दोन्ही हात आत घालून बराच वेळ पुटपुटले. "आत्मा अंधारात जन्मतो," ते म्हणाले. मग पडदा निळा झाला, थरथरला, आणि त्यात एक बाई दिसू लागली. अंगणात मोठ्या पातेल्यापाशी बसून ती राखेच्या पाण्यातले मक्याचे दाणे चोळून सोलत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

"त्रान्सितो," मागून कुणीतरी म्हणालं. गुडघे टेकल्याचे आवाज आले.

पहिल्या बाकावर त्रान्सितोची मुलगी बसली होती, नुबिया, माझ्या शाळेत पाचवीत, डोक्यावर आमच्याकडच्या बायकापोरी घालतात तशी टोपी. शेजारी तिची मावशी एर्सिलिया, जिच्याकडे ती आता राहायची. वर्षापूर्वी बाजाराची बस दरीत गेली, त्यात त्रान्सितो गेली. वडील उत्तरेला, कागदपत्रांशिवाय राहिलेले, ते परत येऊ शकत नव्हते, आले तर पुन्हा जाऊ शकत नव्हते. नुबिया रडली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. जेव म्हटलं की जेवायची, वाच म्हटलं की वाचायची. तिच्याकडे पाहिलं की थंड चुलीकडे पाहिल्यासारखं वाटायचं. आत्ताही ती टीव्हीकडे तशीच बघत होती.

"ती म्हणते आहे," बंधू डोळे मिटून म्हणाले, "मी यंत्रात अडकले. मला कोंडू नका. वर्षाच्या मिस्सेनंतर माझं कार्ड निखाऱ्यावर ठेवा, म्हणजे मी मोकळी होईन. आणि ती म्हणते आहे, बंधूंना रिकाम्या हाताने पाठवू नका."

चित्र गेलं. पडदा काळा झाला.

"थकली," बंधू म्हणाले. "आत्मा थकतो, लेकरांनो."

लोक डोळे पुसत बाहेर पडले. मी मागे भिंतीशी उभा होतो. बाहेर उतारावर नुबिया माझ्याशेजारी चालू लागली.

"गुरुजी," ती मग म्हणाली, "आई थकायच्या आधी कोपऱ्यात लाल होतं."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"टीव्हीच्या, वरच्या. छोटी बॅटरी काढलेली असते ना, तशी. आधी पांढरी असते. मग लाल होते, लुकलुकते. मग आई जाते."

"मागच्या वेळीही?"

"मागच्या वेळीही. दुसऱ्यांच्या वेळीही." बटाटे संपलेत, हे सांगावं तसं ती सांगत होती.

"मग तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही." चार पावलं गेल्यावर ती थांबली. "आत्म्याला बॅटरी कशाला लागते?"

वर्गात असा प्रश्न आला की मी उत्तर देत नाही, प्रश्नाला बसायला जागा देतो.

"आणि आवाज का नाही?" ती म्हणाली. "बंधू सांगतात, ती काय म्हणते ते. मला तिचा आवाज आठवत नाही, गुरुजी. चेहरा आठवतो. आवाज गेला. त्या कार्डात असेल. शुक्रवारी ते जाळणार."

शुक्रवारी वर्षाची मिस्सा होती, चर्चमधली वर्षश्राद्धाची प्रार्थना.

"चल, मेल्चोरकडे जाऊ," मी म्हणालो.

मेल्चोर म्हणजे आमच्या गावचा व्हिडिओवाला. लग्न, बारसं, देवाचा उत्सव, बैलांची झुंज, सगळं तो कॅमेऱ्यात घ्यायचा, कॉम्प्युटरवर कापून जोडून त्याला गाणी लावायचा आणि तबकड्या करून उत्तरेला पाठवायचा. तिकडे आमची माणसं आठवड्याच्या सुट्टीला त्या लावून बसायची आणि कोण जाड झालं, कुणी नवं घर बांधलं, यावर वाद घालायची. बंधूंचं सगळं दुकान उभं राहिलं ते मेल्चोरच्या एका अडचणीवर. ती अडचण गावात सगळ्यांना पाठ होती: मेल्चोरच्या कॉम्प्युटरमध्ये जिवंत माणसं येतात, मेलेली येत नाहीत.

"खरं आहे, गुरुजी," मेल्चोर खुर्ची पुढे करत म्हणाला. "मी काही बाकी ठेवलं नाही. वायर बदलली. एडिटिंगचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. शहरातल्या दुरुस्तीवाल्या पोराला दाखवलं. तो म्हणाला व्हायरस आहे. त्याने व्हायरस काढला आणि त्याच्याबरोबर माझी सगळी गाणीही काढली. पण त्रान्सितो काही आत येत नाही."

"मेलेली माणसं कधीपासून रुसली?"

"टेपवाला कॅमेरा होता तेव्हा यायची. मेव्हण्याने हा कार्डवाला पाठवला, तेव्हापासून."

"म्हणजे टेपवर त्यांची काही तक्रार नव्हती."

मेल्चोरने कान खाजवला. "हे माझ्या लक्षात नाही आलं."

नुबिया कॉम्प्युटरसमोर बसली. "काका, दाखवा ना."

त्याने त्रान्सितोच्या नावाचं फोल्डर उघडलं. आत तिच्या क्लिपा होत्या, नुसत्या, एकाखाली एक. त्याने प्रोग्रॅमला त्या आत घ्यायला सांगितलं. पडद्यावर एक चौकट आली: क्लिप सापडली नाही.

"बघितलंस?" तो हळू म्हणाला. "समोर आहे, तरी म्हणतो सापडली नाही. अंगावर काटा येतो माझ्या."

"आईला या वेगळ्या फोल्डरमध्ये कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं, पोरी. पाचव्या दिवशी."

आमच्याकडे माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात. आधी घरातल्या सगळ्या कपड्यांतून त्याचे वेगळे काढतात. जिवंतांच्या कपड्यांत मेलेल्याचं एक फडकंही राहू देत नाहीत. मेल्चोर भला माणूस. गावाने नदीवर करायचं, ते त्याने आपल्या यंत्रातही करायचं ठरवलं होतं. उत्सवाचं सगळं चित्रण कार्डावरून कॉम्प्युटरवर उतरवलेलं असायचं. त्यातून तो पाचव्या दिवशी मेलेल्या माणसाच्या क्लिपा उचलून वेगळ्या ठेवायचा, जिवंतांची तबकडी करायचा आणि जागा हवी म्हणून उरलेलं पुसून टाकायचा.

"आणि कार्ड?" मी विचारलं.

"घरच्यांना. धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात ठेवून. ते पुन्हा कॅमेऱ्यात घालत नाही मी. बरं दिसत नाही ते."

मी नुबियाकडे वळलो. "आता नीट बघ. तुझ्या आईच्या क्लिपांत आणि लग्नाच्या क्लिपांत फरक किती?"

"आई मेली," ती म्हणाली. "आणि आईला वेगळं काढलं."

"म्हणजे दोन फरक. कॉम्प्युटर कशावर अडतो, कसं कळेल?"

तिने की-बोर्डवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "जिवंत कुणाला तरी वेगळं काढून बघायचं."

"माझं नको," मेल्चोर घाईने म्हणाला. "म्हणजे, माझा विश्वास नाही. पण नको."

"तुमचा कोंबडा?"

गेल्याच रविवारचं एक कार्ड पडलं होतं, त्यात मेल्चोरचा कोंबडा कुंपणावर उभा राहून आरवत होता. आधी सगळं कार्ड जसंच्या तसं घेतलं. कोंबडा कॉम्प्युटरमध्ये बिनतक्रार आला आणि आरवला. मग नुबियाने ते चित्रण पुसलं, कार्ड पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवलं, कोंबड्याची क्लिप उचलली, वेगळं फोल्डर करून त्यात ठेवली आणि प्रोग्रॅमला सांगितलं, घे.

क्लिप सापडली नाही.

मेल्चोर उठून दारात गेला आणि कुंपणाकडे बघून आला. "जिवंत आहे," तो म्हणाला.

"आता उलटं करू," मी म्हणालो. "मेलेला माणूस, पण वेगळा न काढलेला."

हे शोधायला वेळ लागला. शेवटी मेल्चोरनेच पुतणीच्या लग्नाचं चित्रण उघडलं. त्यात मागे, खांबाला टेकून, आसुन्सिओन म्हातारा पेला हातात घेऊन डुलत होता. पुढे उपासाच्या दिवसांत तो वारला, पण इतक्या कोपऱ्यात असल्यामुळे मेल्चोरच्या नजरेतून सुटला होता. तो सगळ्या वऱ्हाडाबरोबर कॉम्प्युटरमध्ये आलेला होता आणि कसलीही अडचण न होता पीत होता.

आता तुम्हीच जोडून बघा. जिवंत कोंबडा वेगळा काढला, तर आत येत नाही. मेलेला म्हातारा जागेवर राहिला, तर येतो. मग दोष मरणाचा की वेगळं काढण्याचा?

गोष्ट इतकी साधी होती. हा कॅमेरा कार्डावर एक घर बांधतो. फोल्डरात फोल्डर, आत क्लिपा, आणि शेजारी बारक्या फायली. कुठला तुकडा कुठल्या तुकड्यानंतर, हे त्या फायली सांगतात. लांब चित्रण एका तुकड्यात मावत नाही, म्हणून कॅमेरा त्याचे तुकडे पाडतो. मेल्चोरचा प्रोग्रॅम दारातून आत शिरतो, खोल्या ओळखतो आणि मग क्लिपेला हात लावतो. घर मोडून एकटी क्लिप उंबऱ्याबाहेर ठेवली, तर त्याला ती दिसत नाही. टेपवर असलं घर नव्हतं, म्हणून टेपवरचे मेलेले कधी रुसले नाहीत.

मेल्चोर बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे मीच."

"चांगल्या मनाने केलंत, काका," नुबिया म्हणाली. "आता आईला परत जागेवर ठेवा."

"कुठे ठेवू? तिच्या चित्रणाचं घर मी पुसलं, पोरी. ते आता फक्त कार्डावर आहे."

कार्ड बंधूंकडे होतं; मावशीनेच ते त्यांना दिलं होतं.

नुबिया घरी जाऊन मावशीला सगळं सांगत बसली. कोंबडा, म्हातारा, घर. एर्सिलियाने लोकर कातायची चाती थांबवली नाही. "बंधूंनी तुझी आई मला दाखवली," ती म्हणाली. "तू काय दाखवलंस? कोंबडा." मी दुसऱ्या दिवशी गेलो तर मलाही तेच ऐकावं लागलं, वर एक वाटी सूप मिळालं. माणूस गेलेल्या घरात खरं सांगून भागत नाही, मुलांनो. त्यांनाच ते दिसावं लागतं.

शुक्रवारी मिस्सेनंतर सगळे सभागृहात जमले. पोंचो टांगले गेले. खापरात निखारे भरले. बशी कापडाखाली गेली, नववी दिशा आली, पडदा निळा झाला. अंगण, पातेलं, त्रान्सितो. नुबिया मावशीला चिकटून बसली होती. तिचा आवाज मला मागून ऐकू आला, कारण बाकी सगळे गप्प होते.

"मावशी, वर कोपऱ्यात बघ. ती पांढरी आहे ना, ती लाल होईल."

"गप्प बस."

"लाल झाली की लुकलुकेल. मग बंधू म्हणतील, थकली."

मावशीची मान वळली. ती आता बहिणीकडे बघत नव्हती, कोपऱ्याकडे बघत होती. बंधू बोलत होते, त्रान्सितो निरोप घेते आहे, त्रान्सितो ढगांत चालली आहे, तिला एक कोकरूही हवं आहे. कोपऱ्यातली खूण लाल झाली. ती लुकलुकू लागली. पडदा काळा झाला.

"थकली," बंधू म्हणाले.

एर्सिलियाने मांडीवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघितलं.

बंधूंनी कापडाखाली हात घालून कार्ड काढायची तयारी केली, चिमटा जवळ घेतला. तेवढ्यात नुबिया उठली. ती पळाली नाही. पाणी आणायला जावं तशी गेली, टेबलासमोर उकिडवी बसली आणि कापड वर केलं.

"पोरी, हात लावू नकोस," बंधू म्हणाले. "आत्मा भंगेल. तुझे हात वाळतील."

तिने हात आत घातला आणि एक कॅमेरा बाहेर काढला. मेल्चोरच्या कॅमेऱ्यासारखाच, आमच्या डोंगरात उत्तरेहून येणारे सगळे कॅमेरे सारखेच असतात. त्यातून एक पिवळी वायर टेबलाच्या पायावरून वर टीव्हीकडे गेली होती. तिच्याबरोबरच्या लाल आणि पांढऱ्या वायरी मोकळ्या लोंबत होत्या.

"या आवाजाच्या," मेल्चोर मागून म्हणाला. "या लावल्याच नाहीत. बोलायचं काम स्वतःकडे ठेवलंय."

"यंत्र हे केवळ निमित्त," बंधू म्हणाले. "बाहुली कुणीही धरील, पण नाचवणारा..."

"बंधू," एर्सिलिया उभी राहिली होती. "आवाज येतच नव्हता, तर माझ्या बहिणीचं बोलणं तुम्ही कुठून ऐकलंत?"

बंधूंनी माळ चाचपली. "नवव्या दिशेकडून, ताई."

"ती दिशा बसथांब्याकडे आहे का?" भिंतीजवळच्या एका म्हातारीने विचारलं. "पाचची गाडी मिळेल तुम्हाला."

कुणी मोठ्याने हसलं नाही. कुणी त्यांच्या अंगावर धावूनही गेलं नाही. एर्सिलिया आणि मी मध्ये उभे होतो, त्याची गरजही पडली नाही. बंधू आपली पिशवी घेऊन लोकांमधून गेले आणि लोकांनी वाट दिली. नुबियाने कॅमेऱ्याचं झाकण उघडून कार्ड काढलं आणि मुठीत धरलं.

ज्या म्हातारीने गाडीचं विचारलं, ती तशीच खापरापाशी उभी राहिली. तिच्या नवऱ्याचं कार्ड याच खापरात जळलं होतं. तिच्यासारखी आणखी घरं होती. ती राख आता कुठलाही कॅमेरा, कुठलाही कॉम्प्युटर वाचणार नाही. फसवणूक उघडी पडली की सगळं परत मिळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं होईल, आणि खोटं आपण आत्ताच दाराबाहेर काढलं आहे.

एवढंच सांगतो. एखादी गोष्ट कळली नाही, तर "कळली नाही" म्हणून थोडा वेळ बसा. त्या रिकाम्या जागेत लगेच कुणाला गादी घालून बसवू नका. आधी बघा, मग विचारा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून करून बघा. आणि कुणी म्हणालं की हे जाळून टाका, तर पहिल्यांदा ते हातात घ्या.

त्या संध्याकाळी मेल्चोरच्या दुकानात आम्ही चौघं होतो आणि दाराबाहेर शेजारी आपापली गाठोडी उघडून कार्डं शोधत उभे होते. मेल्चोरने त्रान्सितोचं कार्ड लावलं. त्याने एकही फोल्डर उचललं नाही, नाव बदललं नाही, काही वेगळं काढलं नाही. सगळं घर जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि प्रोग्रॅमला दाखवलं. पडद्यावर एक बारीक पट्टी उमटली आणि सावकाश भरत गेली. एर्सिलिया नुबियाच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

क्लिप सुरू झाली. अंगण. कुत्र्याचं भुंकणं. दूर बँड. पातेल्यातल्या पाण्याचा आवाज. मग त्रान्सितोने मान वर केली आणि कपाळावरची बट मनगटाने मागे सारली.

"मला काय घेतोस मेल्चोर, हात बघ माझे कसे झालेत," ती म्हणाली. जरा घोगरा आवाज होता तिचा, मीही विसरलो होतो. "त्या पोरीला घे. नुबिया, इकडे बघ. टोपी सरळ कर."

नुबिया रडली नाही. तिने हात वर नेला आणि डोक्यावरची टोपी सरळ केली.